प्रश्न आपल्याच कागदात असतो

नागपुरात सकाळी साडेआठ-नऊला बर्डीवरून खापरीकडे जाणारी मेट्रो पकडली की डब्यातली दोन-तीन पोरं हमखास ओळखू येतात. शर्ट नवा, कॉलर अजून कडक, मांडीवर प्लास्टिकची फाईल, आणि ओठ हलत असतात. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगांच्या पट्ट्यात, कुठेतरी इंटरव्ह्यू असतो. दुसऱ्या लाइनवर लोकमान्यनगरला उतरणारे हिंगण्याच्या एमआयडीसीकडे निघालेले असतात. बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणारे बिचारे दोस्ताच्या गाडीवरून, हेल्मेटमध्ये केस चपटे करून पोचतात.

ओठ कशावर हलताहेत तेही सांगता येतं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली ‘सर्वात अवघड पन्नास प्रश्न’ अशी एक यादी असते, उत्तरांसकट. गंमत अशी की त्या पन्नासातले चार-पाच विचारले जातातही, पण पोरगं जिथे अडखळतं तो प्रश्न त्या यादीत नसतोच. तो मांडीवरच्या फाईलमध्ये असतो, पहिल्याच पानावर, तिसऱ्या-चौथ्या ओळीत.

समोर बसणारा माणूस काही प्रश्नांचा कारखाना घेऊन आलेला नसतो. त्याला त्या दिवशी आठ-दहा जणांना भेटायचं असतं, मधून फोन येत असतात, आणि तुमचा बायोडेटा तो बहुतेक वेळा तुम्ही खुर्ची ओढता ओढताच वाचत असतो. नजर जिथे अडकते तिथून तो प्रश्न विचारतो. म्हणून आदल्या दिवशी करायचं काम पाठांतराचं नाहीच. बायोडेट्याची एक प्रत काढायची, पेन्सिल घ्यायची आणि परक्या माणसाच्या नजरेने तो कागद वाचायचा. जमत नसेल तर अशा कुणाच्या हातात द्यायचा ज्याला तुमचं कौतुक नाही. आईच्या हातात देऊन उपयोग नाही.

जिथे जिथे नजर अडकते तिथे वर्तुळ काढायचं. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत पडलेलं भगदाड. बारावीला 88 टक्के आणि डिग्रीला 56. सात महिन्यांत सोडलेली नोकरी. पुण्याहून नागपूर. ‘स्किल्स’मध्ये लिहिलेलं एखादं सॉफ्टवेअर, जे कॉलेजात एकदाच उघडलं होतं. छंद: वाचन. एका पानावर साधारण पाच ते सात वर्तुळं निघतात. प्रत्येकासमोर समासात एकच गोष्ट लिहायची: हे वाचून समोरच्याला कसली धास्ती वाटेल? त्याचा प्रश्न काय असेल हे लिहायचं नाही. शब्द दर वेळी बदलतात, धास्ती तीच राहते, आणि उत्तर धास्तीला द्यायचं असतं.

आता सगळ्यात मोठं वर्तुळ घेऊ. ते नागपुरात घराघरात आहे आणि त्याचं नाव ‘तयारी’, स्पर्धा परीक्षांची. बी.कॉम. 2020 आणि पहिली नोकरी 2024. मधली वर्षं अभ्यासिकेत गेली, डबा खाऊन, टेस्ट सिरीज देऊन. यात लाजण्यासारखं काही नाही, पण बायोडेट्यात ती वर्षं लपवायची म्हणून ‘घरचा व्यवसाय सांभाळला’ असं लिहिलं जातं. मग समोरचा सहज विचारतो, कसला व्यवसाय? किराणा. बरं, महिन्याची उलाढाल किती होती? जीएसटी कोण भरायचं? खोटं पहिल्या प्रश्नात क्वचितच पडतं, ते तिसऱ्या प्रश्नात पडतं. आणि एकदा पडलं की बारावीचे खरे 88 टक्केसुद्धा संशयात जातात.

पण इथली खरी धास्ती लपवाछपवीची नाही. समोरचा मनात वजाबाकी करत असतो. यूपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 32 आणि प्रयत्न सहा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 वर्षं. समोर बसलेलं पोरगं सत्तावीसचं आहे. म्हणजे जाहिरात निघाली की हा रजेचा अर्ज टाकणार आणि निकाल लागला की राजीनामा. तीन महिने शिकवायचं आणि मग हात हलवत बसायचं, हे त्याला नको असतं. ‘मधली चार वर्षं काय केलं?’ हा प्रश्न मागच्या चार वर्षांचा नसून पुढच्या दोन वर्षांचा आहे.

त्यामुळे उत्तर साधारण असं बसतं: ‘2020 ते 2023 राज्यसेवेची तयारी केली. पूर्व परीक्षा दोनदा पास झालो, मुख्यमध्ये राहिलो. 2023च्या डिसेंबरमध्ये थांबायचं ठरवलं. त्यानंतर सहा महिने एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम शिकलो. आता परीक्षेचा फॉर्म भरत नाही.’ पाच वाक्यं, अर्ध्या मिनिटात होतात. कधी सुरू केलं, कुठवर पोचलो, कधी थांबलो, थांबल्यावर काय केलं, पुढे काय. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक गाळतात. परीक्षा अजून द्यायची असेल तर ते वाक्य मात्र बोलू नये. ‘सुटीच्या दिवशी अभ्यास करतो, परीक्षेच्या दिवसांची रजा महिनाभर आधी सांगीन’ असं सरळ म्हणावं. काही ठिकाणी नकार येईल. तो नकार आठ महिन्यांनी येण्यापेक्षा आज आलेला बरा, दोघांनाही.

याच वर्तुळाचा एक भाऊ आहे: अधली-मधली नोकरी बायोडेट्यातून पुसून टाकणं. हे एके काळी चालून जायचं. 2014 पासून भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला यूएएन नंबर आला आणि एकाच नंबरखाली सगळ्या नोकऱ्या येऊ लागल्या, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख सगळं धरून. मोठ्या कंपन्यांची पडताळणी करणारे लोक हीच नोंद मागतात. चार महिन्यांची नोकरी गाळलेली असेल आणि तिथे पीएफ कापला गेला असेल, तर ती तिथे बसलेली असते. ऑफर लेटर हातात पडल्यावर, जुन्या ठिकाणी राजीनामा दिल्यावर हे उघडं पडणं फार वाईट. इंटरव्ह्यूला जाण्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपली सर्व्हिस हिस्ट्री उघडून बायोडेट्यातल्या तारखांशी ताडून पाहावी. बऱ्याचदा जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरलेली नसते. तेव्हा एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं, आणि त्यावर प्रश्न आला की प्रामाणिक माणूसही गोरामोरा होतो.

नोकरी का सोडली, यावर एरवी पानंच्या पानं लिहिली जातात. नागपूरपुरतं एवढंच पुरे: हे गाव मोठं दिसतं, पण बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एचआरवाल्यांचं जग एका व्हॉट्सॲप ग्रुपात मावतं. जुन्या साहेबाबद्दल सकाळी बोललेलं जेवणाच्या सुटीपर्यंत त्याच्या कानावर गेलेलं असतं. कारण एका वाक्यात, त्यात विशेषण नको, आणि लगेच पुढे काय हवं आहे ते. कपातीत नोकरी गेली असेल तर आकडा सांगावा. ‘आमच्या शिफ्टमधले चाळीसपैकी चौदा जण गेले, त्यात मी होतो’ एवढं म्हटलं की सगळा भार हलका होतो. ‘काही अंतर्गत कारणांमुळे’ म्हटलं की समोरचा कान टवकारतो.

परतून येणाऱ्यांचा प्रश्न मात्र खास आपला आहे. पुण्यात नाहीतर बंगळुरूत चार-पाच वर्षं काढलेली माणसं नागपुरात अर्ज करतात आणि खोलीत शिरल्या शिरल्या ऐकू येतं, ‘परत का येऊन राहिले?’ इथे उमेदवार भावनेला हात घालतो. आईबाबा थकले, गावाची ओढ, आपली माणसं. ते खरंच असतं, पण समोरच्याच्या धास्तीला त्यात उत्तर नाही. त्याला वाटतं एक तर तिकडे जमलं नाही म्हणून आला, नाहीतर वर्षभरात घरची व्यवस्था लावून पुन्हा जाईल. पहिल्या शंकेला पगारवाढीचं पत्र किंवा बढतीची तारीख उत्तर देते. दुसरीला ठोस गोष्ट लागते: बेसा-मनीषनगरकडे घर घेतलं, मुलाची शाळा इथे सुरू झाली, बायकोची बदली इथे झाली. यातलं जे खरं असेल ते. आणि तिसरी शंका, जी तो तोंडाने बोलत नाही: तिकडचा पगार इथे मिळणार नाही, हे याला कळलंय का? ती आपणच बोलून टाकावी. ‘पगार कमी होईल हे धरूनच आलोय, किती कमी चालेल याचा हिशेब माझ्याकडे आहे.’ हे ऐकून समोरचा खुर्चीत जरा मागे रेलतो.

हिशेब खरोखर असावा लागतो मात्र. ‘अपेक्षा काय?’ विचारलं की नागपूरकर एकदम भिडस्त होतो. ‘तुम्ही द्याल ते, सर.’ हे वाक्य नम्र वाटतं; प्रत्यक्षात त्यात माणूस स्वतःची किंमत न पाहता सही करतो. आधी वर्षाच्या आकड्याचं पोट फाडून पाहायला शिकावं. सहा लाखांचं पॅकेज म्हटलं की मनात बाराने भाग जातो आणि पन्नास हजार येतात. पण समजा त्यात 60,000 रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना 25,000. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, महिना 3,000, वर्षाचे 36,000. तो सहा लाखातच धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या 4.81 टक्के, वर्षाला 14,430. ती साधारणपणे पाच वर्षं राहिलात तरच. उरले 4,89,570, म्हणजे महिना 40,797. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 3,000, आणि व्यवसाय कर 200, जो फेब्रुवारीत 300 होतो. हातात येतात साडेसदतीस हजारांच्या थोडे वर. काही कंपन्या 15,000 च्या मर्यादेवरच पीएफ धरतात, म्हणजे 1,800. तिथे हातात जास्त येतं, साठतं कमी.

हा कागद घरी करून गेलेला माणूस ‘किती?’ या प्रश्नाला उलट एक सभ्य प्रश्न विचारू शकतो: ‘या आकड्यात कामगिरीचा भाग किती, आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर आहे का?’ मग आपला आकडा सांगावा, एकच, दोन टोकं देऊ नयेत. ‘पाच ते सात’ म्हटलं की समोरच्याला ‘पाच’ ऐकू येतं. चालू पगार वाढवून सांगण्याचा मोह टाळावा, कारण तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मागतातच.

आता कामातले प्रश्न. इथे उत्तर येत नसेल तर काय करायचं, हा खरा अवघडपणा. एक उदाहरण जरा जवळून पाहू. बुटीबोरीच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी विचारलं जातं: ‘दहा एचपीची मोटर सारखी ट्रिप होतेय. काय बघशील?’ पाठ केलेलं पोरगं सुरू होतं: ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट, अर्थ फॉल्ट, सिंगल फेजिंग, बेअरिंग. यादी बरोबर असते आणि तरीही तो नापास होतो, कारण मोटर दुरुस्त करणारा माणूस असं बोलत नाही. तो आधी विचारतो, ‘सर, चालू करताक्षणी ट्रिप होते की दहा-पंधरा मिनिटं चालून?’ चालू करताक्षणी होत असेल तर वाइंडिंगचा इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, बघणं, पलीकडचा पंप किंवा कन्व्हेअर जाम आहे का ते हाताने फिरवून बघणं. चालून मग होत असेल तर क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा करंट घेणं, तो मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडणं, व्होल्टेज कमी आहे का, मोटरचा पंखा आणि जाळी धुळीने बुजली आहे का. शेवटी रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रखवालदार, कितीवर सेट आहे.

इथे समोरचा खिळा ठोकतो: ‘प्लेटवर 14 ॲम्पिअर आहे, स्टार-डेल्टा स्टार्टर आहे. रिले कितीवर लावशील?’ शंभरात ऐंशी तरी 14 म्हणतील, असं माझं आपलं मत. पण असा स्टार्टर मोटर स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवतो. रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (मुख्य स्विचच्या) खाली वाइंडिंगच्या वाटेत बसवला असेल, तर त्यातून लाइन करंटच्या 58 टक्केच जातो, म्हणजे साधारण 8. तो 14 वर ठेवला तर मोटर जळेल आणि रिले ढिम्म हलणार नाही. हे माहीत नसेल तर? तर ‘नक्की आकडा सांगता येणार नाही सर, पण रिले लाइनमध्ये बसवलाय की वाइंडिंगमध्ये ते आधी बघीन, कारण डेल्टात दोन्हीकडचा करंट सारखा नसतो’ एवढं तरी म्हणता यावं. अर्धं ज्ञान नेमक्या हद्दीपर्यंत सांगून थांबणं, हे मेंटेनन्सच्या माणसाचं मोठं लक्षण आहे. त्या हद्दीपुढे ठोकून देणारा माणूस उद्या विजेच्या पॅनलमध्ये हात घालणार असतो, हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि विचार करायला वेळ घ्यावा. पाच-सात सेकंद गप्प बसलं तर आपल्याला पाच मिनिटं वाटतात. समोरचा तेवढ्यात पाण्याचा घोट घेतो. ‘हो ना’, ‘म्हणजे कसं आहे ना’ यांनी ती शांतता भरण्यापेक्षा शांतताच बरी.

मुलींना विचारला जाणारा प्रश्न वेगळ्या जातीचा. ‘लग्नाचं काय?’ नागपुरात तो काकांच्या सुरात, अगदी घरगुती काळजीने विचारला जातो, त्यामुळे राग धरणंही अवघड. भरतीत बाई म्हणून भेदभाव करू नये ही तरतूद 1976 च्या समान वेतन कायद्यातच होती, ती 2019 च्या वेतन संहितेतही आली. पण खोलीत बसून कलम वाचून दाखवता येत नाही. धास्ती दोन गोष्टींची असते: लग्न होऊन ही गाव सोडील का, आणि 2017 पासून 26 आठवड्यांची झालेली प्रसूती रजा. त्या रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो हे बहुतेकांना माहीत असतं. पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, महिना 21,000 च्या मर्यादेत असेल तर तो लाभ ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही, हे मात्र छोट्या कंपनीच्या मालकालाही कधी कधी माहीत नसतं. उत्तर देताना लग्नाच्या तारखेत शिरू नये. ‘ते घरचं आहे, सर. कामाचं म्हणाल तर शिफ्ट आणि येण्याजाण्याचं मी पाहून आलेय. सोडायची वेळ आलीच तर नोटिसचे पूर्ण दिवस देऊन, काम हातात सोपवून जाईन.’ आवाज न चढवता एवढं म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट पाहावी. तरीही तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तर त्या ऑफिसाबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली असते.

सरकारी मुलाखतीत कागदाचं हे सूत्र आणखी पक्कं. यूपीएससीत मुलाखतीला 2025 पैकी 275 गुण आहेत आणि उमेदवाराने भरलेला सविस्तर अर्ज पॅनलच्या समोर असतो. जन्मगाव काटोल लिहिलंत की संत्रं आलंच. संत्र्याचे दोन हंगाम, आंबिया आणि मृग बहार, कधी फुलतात, मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये का येतं, इथपर्यंत लोक वाचून जातात. मग कुणीतरी हळूच विचारतं, एवढं संत्रं पिकतं तर रस डब्यात का जात नाही? नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की त्यातल्या लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे कडवट होतो, शिवाय बिया. घरी रस काढून दुपारपर्यंत ठेवलेल्या प्रत्येकाने तो कडवटपणा चाखलेला असतो, फक्त त्याला उत्तर म्हणून कधी पाहिलेलं नसतं. आणि ‘वेगळा विदर्भ व्हावा का?’ हा तर नागपूरच्या उमेदवाराचा ठरलेला प्रश्न. इथे घोषणा नको आणि गुळमुळीतपणाही नको. 1953 च्या नागपूर करारात दर वर्षी विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इकडे घेण्याचं ठरलं. 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. 1983 साली नेमलेल्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला. 1994 ला विकास मंडळं आली. एवढी चार पावलं सांगून आपलं मत एका वाक्यात. पॅनल मत तपासत नाही, मताखाली जमीन आहे का ते तपासतं.

‘तुमचा दोष सांगा’ यावर फार वेळ घालवू नये. ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ ऐकून ऐकून लोकांचे कान किटले आहेत. खरा, छोटा, आणि ज्यावर काही उपाय चालू आहे असा दोष सांगावा. मेल पाठवण्यात उशीर होतो, म्हणून साडेचारचा अलार्म लावला आहे. झालं.

भाषेचंही एवढं मनावर घेऊ नये. इथला इंटरव्ह्यू इंग्रजीत सुरू होतो, मधेच हिंदीत घसरतो आणि ‘कुठचे तुम्ही?’ला मराठीत येऊन टेकतो. समोरचा ज्या भाषेत गेला त्या भाषेत जावं. नागपुरी ‘करून राहिलो’ तोंडून निघालं तर जीभ चावायची गरज नाही. समोरचाही बहुधा तेच बोलून राहिला असतो.

बाहेर पडल्यावर मात्र चहाच्या टपरीवर दोस्ताला फोन लावण्याआधी एक काम उरतं. विचारलेले सगळे प्रश्न त्याच बायोडेट्याच्या मागच्या बाजूला लिहून काढायचे, जसेच्या तसे, ज्या भाषेत विचारले त्या भाषेत. खापरीला मेट्रोत बसलं की बर्डी येईपर्यंत होतं. मग पान उलटून पाहायचं, कुठला प्रश्न कुठल्या वर्तुळातून आला. एखाद्या प्रश्नाला वर्तुळच सापडत नाही. तिथे नवीन काढायचं. बर्डीला उतरल्यावर पुढच्या इंटरव्ह्यूसाठी झेरॉक्स काढायची असतेच, पण ती या पेन्सिलीच्या प्रतीची नको. दुकानदार ती वर्तुळांसकट छापतो.